रिकाम्या जाळ्यांचा प्रश्न



संत लूकच्या शुभवर्तमानात पेत्र रात्रभर राबतो, तरी जाळी रिकामीच राहतात. प्रभूच्या शब्दावर तो पुन्हा खोल पाण्यात जातो आणि जाळी फाटू लागतात. आपल्या कोळी बांधवांना मात्र या प्रसंगाचा पहिला भागच अधिक अनुभवास येतो. कितीही दूर जावे, जाळे हलकेच वर येते.

अतिमासेमारी हे याचे एक कारण आहेच. पण समुद्रही बदलतो आहे. आपण जाळलेल्या कोळसा-तेलामुळे पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्राने पोटात घेतली आहे. १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशाने वाढले. तापलेले पाणी हलके असते. ते झाकणासारखे वर राहते आणि खालचे पोषक पाणी वर येत नाही. त्यामुळे माशांच्या अन्नसाखळीची पहिली कडी असलेल्या सूक्ष्म वनस्पतींची उपासमार होते. या भागात सहा दशकांत त्या २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे २०१६ च्या अभ्यासात दिसले. केरळ-कर्नाटकची तारली उत्तरेकडे सरकली, बांगडा खोल पाण्यात जाऊ लागला. प्रवाळांना तर पळताही येत नाही. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली ते पांढरे पडले.

आपण म्हणू, ‘माझ्या एका दिव्याने का समुद्र तापतो?’ नाही तापत. पण ज्या कृतीत सर्वांचा थोडाथोडा वाटा असतो, तिचा दोष कोणाचाच नाही असे मानणे ही विवेकाची फसवणूक आहे. मिस्सात आपण केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ मध्येच सृष्टीसंबंधी हृदयपरिवर्तनाची हाक दिली होती.

तेव्हा लग्नातील रोषणाई थोडी आवरू या. पावसाळी मासेमारीबंदी मनापासून पाळू या. पिल्लांची मासळी विकत घेऊ नये. आणि बाजारात कोळणीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करताना आठवू या, की समुद्र आपण सर्वांनी तापवला, पण त्याची किंमत आधी तिच्या टोपलीने मोजली आहे.

पेत्राची रिकामी जाळी पाहणारा प्रभू आपल्या कोळी कुटुंबांना सांभाळो आणि आपणां सर्वांना परिवर्तनाची कृपा देवो. आमेन.