पाखरांचा वाटा



आगमनकाळ लागला की आपल्याकडे गोठ्याची लगबग सुरू होते. ज्या संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेचो गावी नाताळचा गोठा मांडला, त्यांची आणखी एक इच्छा आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांचे चरित्रकार थॉमस चेलानो सांगतात की, सम्राटाची भेट झाली तर फ्रान्सिस त्याच्याकडे एक कायदा मागणार होते. ज्याला शक्य आहे त्याने नाताळच्या दिवशी वाटेवर धान्य पसरावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः आपल्या चंडोल बहिणींना, पोटभर खायला मिळेल.

ही भाबडी कल्पना नव्हे. युरोपात डिसेंबरात दिवस आखूड, रात्र लांबलचक, जमीन गोठलेली आणि किडे नाहीसे झालेले असतात. चिमुकल्या पाखराच्या अंगात फार तर एका-दोन रात्रींपुरतीच ऊब साठते. दिवसा चोचीत काही पडले नाही, तर पुढची रात्र निघत नाही. म्हणून नॉर्वेत नाताळला ओटची पेंढी खांबावर बांधून ठेवतात. इंग्लंडमध्ये बागेतल्या रोवन, हॉथॉर्न आणि हॉली या झाडांची लाल फळे काही जण मुद्दाम झाडावरच राखतात. काही जण तर शरद ऋतूत घोस उतरवून बर्फाच्या कप्प्यात ठेवतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत बाग रिकामी झाली की बाहेर मांडतात. रोवनची जेली होते, हॉली नाताळच्या सजावटीला लागते. म्हणजे पाखरांना दिलेले ते काही उरलेसुरले नसते. मला यातले हेच महत्त्वाचे वाटते.

पवित्र शास्त्रात हा विचार दयेचा म्हणून नाही, नियमशास्त्राचा म्हणून येतो. शेताच्या कडेपर्यंत कापणी करायची नाही, मळ्यात पडलेली द्राक्षे वेचायची नाहीत. ती गरिबाची आणि उपऱ्याची (लेवीय १९:९-१०). सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. तिथे उगवेल ते गरिबांनी खावे आणि त्यांच्याकडून राहील ते रानच्या पशूंनी (निर्गम २३:११). पीक आपले असले, तरी सगळे पीक आपले नसते. गरीब आणि रानचा जीव यांना देवाने एकाच वाक्यात बसवले आहे, हे विसरू नये.

आपल्या वसईत बर्फ पडत नाही. आपल्या पाखरांना थाळीपेक्षा झाड हवे. (कबुतरांना पोत्याने दाणे टाकणे हे तर पुण्यच नव्हे; त्यांच्या विष्ठेने माणसांना फुप्फुसाचे विकार होतात.) वड, पिंपळ, उंबर फळला की तांबट, बुलबुल, साळुंकी, कोकीळ सगळे जमतात. पूर्वी ओटीवर भाताच्या लोंब्यांची जुडी टांगत. चिमण्या येऊन दाणे टिपत. आता ओटी गेली, अंगणात लाद्या आल्या. वाडीतले जांभूळ कचरा करते म्हणून तोडले जाते. आणि पडलेल्या चिंचा, काटक्या वेचायला आलेल्या आदिवासी बाईला आपण फाटकावरूनच हाकलतो. पाखरांविषयी बोलताना मला हे बोलणे भाग आहे. मोशेच्या नियमानुसार ती बाई चोरी करायला आलेली नाही, आपला वाटा न्यायला आलेली आहे.

प्रभू येशूने चिमण्यांचा बाजारभाव सांगितला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन (१०:२९), लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच (१२:६). हिशेब केला तर पाचवी चिमणी फुकट. वरकड म्हणून दिलेली. तिचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू म्हणतो.

चर्चच्या कुंपणालगतचा उंबर तोडावा, असा अर्ज काही कुटुंबांनी दिला आहे. फळे आणि पाखरांची घाण गाड्यांवर पडते, ही त्यांची तक्रार खरी आहे. गाड्या दुसऱ्या बाजूला लावता येतील, असे माझे मत आहे; पण निर्णय सर्वांचा. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर त्याच उंबराखाली जमू या. येताना निर्गमचा तेविसावा अध्याय घरी वाचून यावे.

आपला धर्मगुरू