बरणीतला कोळी

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अंगणात पावसाळ्यात जास्वंदीवर एक मोठा कोळी दिसला. जाळ्यात पांढरी नागमोडी फुली, तिच्यावर जोडीजोडीने ताणलेले आठ पाय. आम्ही ओळखले: ही अर्जिओपीची मादी. मुलांनी तिला बरणीत घातले, झाकणाला भोके पाडली.

‘अब्बा, हिला पाळू या.’

पाळण्याला मनाई नाही. छोट्या अबू उमैरच्या पाखराची हजरत पैगंबर (स.) आस्थेने चौकशी करीत. पण मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीसही आपल्याला ठाऊक आहे. तिने मांजराला खाऊ घातले नाही, आणि स्वतः शोधून खायला मोकळेही सोडले नाही.

गोल जाळे विणणाऱ्या या कोळ्याला दोन फांद्यांमधली मोकळी जागा लागते. बरणीत जाळे नाही. जाळे नाही तर शिकार नाही. कुरआनच्या 29 व्या सूरेचे नावच ‘अनकबूत’, म्हणजे कोळी. घरांत सर्वांत कमकुवत घर कोळ्याचे, असे तीत म्हटले आहे. तेवढेही घर आम्ही हिरावून घेतले होते.

नाव कळले की गरजही कळते. मग अज्ञानाची सबब उरत नाही. हे मुलांना सांगितले. संध्याकाळी त्यांनीच जास्वंदीखाली बरणी आडवी केली.