हातांना अजून काम आहे



संत लूक आपल्या शुभवर्तमानात यरुशलेमच्या मंदिरातील एका वृद्ध विधवेची ओळख करून देतात. तिचे नाव हन्ना. लग्नानंतर सात वर्षांतच तिचा नवरा वारला. आता ती ८४ वर्षांची होती. मरिया व योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात आले, तेव्हा शिमोनाबरोबर तिनेही त्या बाळाला ओळखले. एवढ्यावर ती थांबली नाही. तारणाची वाट पाहणाऱ्या सर्वांना ती त्या बाळाविषयी सांगू लागली. ज्या वयात लोक आपल्याला निकामी समजतात, त्या वयात देवाने तिच्यावर नवे काम सोपवले.

आपल्याकडे घरभेटीला गेलो की एक वाक्य हमखास ऐकू येते, "आता आमचं काय राहिलंय? देव कधी नेतो ते बघायचं." नोकरी संपलेली असते. शेताचा कारभार मुलाच्या हाती गेलेला असतो. कोणाची मुले पुण्या-मुंबईला, तर कोणाची ऊसतोडीला गेलेली असतात. दिवस सरता सरत नाही. हे दुःख खरे आहे. "देवाचे नाव घ्या" एवढे सांगून आपण ते झटकून टाकू नये.

पण आपण थोडे मागे वळून पाहूया. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आपल्यात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आपण विसरू शकत नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गाडली गेली. आपला निलंगा तालुकाही हादरला. तेव्हा तिशी-चाळिशीत असलेले आज साठी-सत्तरीत आहेत.

त्यानंतर घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्या या भागातील महिला तिकडच्या महिलांना मदत करायला गेल्या. भाषा निराळी होती, पण घर पडणे म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. संत पौल करिंथकरांना हेच सांगतात. देव आपले सांत्वन करतो, ते आपण इतरांचे सांत्वन करावे म्हणून. सोसलेल्या माणसाजवळ जे असते, ते तरुणाजवळ नसते.

मग आपण काय करू शकतो? नोकरीत कागदपत्रे हाताळलेला भाऊ 'निराधारचा पगार' किंवा श्रावणबाळ योजनेसाठी एखाद्या म्हातारीचा अर्ज भरून देऊ शकतो. हयातीच्या दाखल्यासाठी तिच्याबरोबर तहसीलला जाऊ शकतो. निवृत्त शिक्षिका संध्याकाळी चार मुलांना घेऊन वाचायला बसवू शकते. ज्याला यातले काहीच जमत नाही, तो दवाखान्यात एकट्या पडलेल्या रुग्णाजवळ तासभर बसू शकतो. जो अंथरुणाला खिळला आहे, तो धर्मग्रामातील एकेका घराचे नाव घेऊन प्रार्थना करू शकतो. हन्नाही रात्रंदिवस प्रार्थना करीत होती.

अडचणीही येतील. मुले म्हणतील, "लोक काय म्हणतील? घरी आरामात बसा." गुडघे दुखतील. कधी कोणी आभारही मानणार नाही. आणि आपल्यालाही सांभाळावे लागेल, कारण सेवेला गेलो आणि हुकूम सोडू लागलो, तर ती सेवा राहत नाही.

तरुण बंधुभगिनींनाही एक विनंती. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा व ज्येष्ठांचा दिवस पाळण्यास सुरुवात केली. त्या दिवशी आपण त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवतो, हार घालतो. ते चांगलेच आहे. पण त्यांना विचारून कामही देऊया. हार संध्याकाळी सुकतो. कोणीतरी आपली वाट पाहत आहे हे समाधान मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठवते.

या आठवड्यात आपल्यातील प्रत्येक ज्येष्ठाने एकच घर निवडावे आणि तिथे जावे. कोणते घर हे सुचत नसेल, तर मिस्सा झाल्यावर फादरांना विचारावे.

हे प्रभू, आमच्या थकलेल्या हातांना आज कोणाचा तरी हात धरायला दे. आमेन.