न करणे आणि न जमणे

वर्गात पाच मिनिटेही एका जागी न बसणारे, रोज काहीतरी हरवून येणारे, प्रश्न पुरता ऐकण्याआधीच उत्तर देणारे मूल आर्वीतही साऱ्यांच्या ओळखीचे असते. आमच्या घरातही असे एक मूल आहे. 'मुद्दामच करतो' असे म्हणून आम्ही त्याच्यावर हात उगारला आहे. आज त्याची आम्हांस लाज वाटते.

चंचलतेला नैतिक दोष मानणारे आम्ही पहिले नव्हेत. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली, तेव्हा 'नैतिक नियंत्रणाची उणीव' असाच शब्दप्रयोग केला. मात्र बुद्धी शाबूत असलेल्या मुलांतही ती आढळते, हे त्यांनी नोंदविले. पुढे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून या अतिचंचलतेत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असल्याचे दिसून आले. २००७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखविले की, अशा मुलांच्या मेंदूचे बाह्यपटल सरासरी ३ वर्षे उशिरा परिपक्व होते. क्रम तोच असतो, गती तेवढी संथ.

यावर कोणी विचारील, 'खेळात तासभर रमतो, मग अभ्यासातच का नाही?' वस्तुतः अशा मुलाजवळ अवधान नसते असे नाही. ते हवे तेथे वळविणे त्याला जमत नाही. मग शिस्त नकोच काय? तसे मुळीच नाही. कारण कळले म्हणून कर्तव्य संपत नाही. संयम मागावाच, पण त्याला पेलेल एवढा. 'करीत नाही' आणि 'करता येत नाही' यांतील भेद ओळखणे ही मोठ्यांची नैतिक जबाबदारी होय. पहिल्यास जाब विचारावा, दुसऱ्यास आधार द्यावा.

१९३७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना बेन्झेड्रिन या औषधाने अनेक मुलांचे अभ्यासात लक्ष लागत असल्याचे आढळले. त्याच वर्षी आपल्या वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली व हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार पुढे आला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरी दोन्हींतून आम्ही एक बोध घेतो: मुलास दोष देण्याआधी त्याला साहाय्य कोणते हवे, हे पाहावे. तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. हाताला काम देऊन शिकविण्यातही नाही.

मुलांना क्षमा मागावयास आम्हीच शिकवितो. या मुलाची क्षमा मात्र आधी आम्ही मागावयास हवी.