पट आणि पत्ता

गणपती गेले, चाकरमानी पुन्हा मुंबईच्या गाड्यांना लागले आणि तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर पावसाळाभर पालथ्या पडलेल्या होड्या सरळ करून त्यांना रंग देण्याचे काम सुरू झाले, म्हणजे मालवणकडील महाविद्यालयांत बाकांच्या मागल्या रांगा हळूहळू रित्या होऊ लागतात. आणि नेमक्या याच दिवसांत, ३० सप्टेंबर या तिथीस, त्या रांगा भरलेल्या आहेत असे सरकारदरबारी गृहीत धरले जाते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे जे विस्तृत पत्रक २०१०-११ या वर्षापासून देशभरातील महाविद्यालयांकडून भरून घेतले जाते, त्याची संदर्भतिथी सर्वसाधारणपणे हीच असते. दफ्तरातील मंडळी त्याला नुसते ‘आयशे’ म्हणतात, आणि ‘आयशे भरायला घेतलंय’ असे कारकुनाने सांगितले की दाखल्यासाठी आलेल्या माणसाने मुकाट्याने उद्या यावे, हे उत्तम.

अशाच एका दुपारी मी अशा एका दफ्तरात बसलो होतो. तृतीय वर्ष कला शाखेच्या एका मुलाचे नाव पटावर होते, फी भरलेली होती, परीक्षेला तो बसणार यातही शंका नव्हती. परंतु पर्यटनाचा हंगाम लागल्यापासून तो सकाळचे सारे प्रहर पर्यटकांचा हात धरून त्यांना पाण्याखालचे प्रवाळ दाखविण्यात घालवीत असे. पत्रकास शिकण्याच्या दोनच रीती ठाऊक: नियमित आणि दूरस्थ. कारकुनाने क्षणभर चष्मा वर केला आणि म्हटले, “तसो तो नियमितच आसा, पण दर्यार!” मग मुकाट्याने त्यास नियमितांत घातले. त्याची काही चूक झाली असे मला वाटत नाही. ज्या मुलाचे शिक्षण त्याच्या रोजगारावर चालते आणि ज्याचा रोजगार समुद्राच्या भरती-ओहोटीवर चालतो, त्याच्यासाठी त्या पत्रकात रकानाच नव्हता.

आकड्यांविषयी बोलताना आपण बहुधा ते खरे की खोटे एवढेच विचारतो. वस्तुतः त्याआधी विचारावयाचा प्रश्न असा की, मोजावयास बसण्यापूर्वी कोणास मोजावयाचे हे कोणी आणि कशासाठी ठरविले. सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर किमान नऊ महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, किंवा दहा वर्षांच्या शिक्षणानंतर किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे उच्च शिक्षण. हे वाक्य वाचताना निरुपद्रवी वाटते. आता एकाच वाडीतील, एकाच वर्षी दहावी झालेली तीन मुले घ्या. पहिला मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेसाठी गेला; तो सोळाव्या वर्षीच उच्च शिक्षण घेऊ लागला. दुसरी अकरावीत गेली. तिचा वर्ग पदवीच्या वर्गांच्याच इमारतीत भरतो, ग्रंथालय तेच आणि शिपाईही तोच, तरीही ती शाळकरी. तिसरा दोन वर्षांच्या आयटीआयला गेला. तो या हिशेबी उच्च शिक्षणातही नाही आणि रूढ अर्थाने शाळेतही नाही. पन्नास वर्षांपूर्वी, दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात येण्याआधी, अकरावीची मॅट्रिक होऊन मुलगा थेट कॉलेजात जात असे. आकृतिबंध बदलला आणि त्याच वयाची मुले, गावातून एक पाऊलही न हलता, विद्यापीठाच्या हिशेबातून निघून शाळेच्या हिशेबात जाऊन बसली.

प्रवर्गांची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याकडे नुसते उपहासाने पाहणे मला अन्यायाचे वाटते. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तेव्हा मागास कोण हे सांगण्याची त्यांनी योजिलेली रीत मोठी मार्मिक होती: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उरतील ते सारे. ज्यांची गणना करावयाची त्यांची नव्हे, तर ज्यांना वगळावयाचे त्यांचीच यादी त्यात होती, कारण उरलेल्यांची संख्या आणि वैविध्य एका हुकुमात मावणारे नव्हते. पुढे मुंबई इलाख्यातील स्टार्ट समितीने १९३० मध्ये अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि ‘इतर मागासवर्ग’ अशी त्रिविध विभागणी केली. त्यातला ‘इतर’ हा शब्द, जो मुळात केवळ शिल्लक दाखविण्यासाठी आला असावा, तो आज कोट्यवधींची ओळख होऊन बसला आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्यातून सुटलेल्यांचे नाव ‘विमुक्त’ पडले. म्हणजे राज्याच्या आजच्या दाखल्यावर जो प्रवर्ग छापून येतो, तो पुष्कळदा त्या माणसाविषयी कमी आणि एखाद्या जुन्या सरकारी निर्णयाविषयी अधिक सांगतो.

या साऱ्याचा व्यवहारातील परिणाम कारकुनाच्या मेजावर दिसतो. राज्याच्या दफ्तरात विमुक्त जाती, भटक्या जमातींचे ब, क, ड हे गट, विशेष मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग असे निरनिराळे रकाने, त्यांची टक्केवारी निराळी आणि त्यांच्या शिष्यवृत्त्यांचा तपशील निराळा; दिल्लीच्या पत्रकात मात्र सर्वसाधारण, आर्थिक दुर्बल, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास एवढेच खण. सह्याद्रीच्या पायथ्याच्या धनगरवाड्यातून खाली उतरून आलेली मुलगी राज्याला भटक्या जमाती ‘क’ म्हणून ठाऊक असते. दिल्लीस ती बहुधा इतर मागासांत मिसळून जाते, आणि अशा किती मुली पदवीपर्यंत पोहोचल्या हा प्रश्न दिल्लीच्या अहवालास विचारता येत नाही. मराठा कुटुंबातील तीन भावंडांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. थोरला २०१९ मध्ये महाविद्यालयात आला तेव्हा २०१८ च्या कायद्यान्वये सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, म्हणून त्या वर्षी आलेली मधली खुल्या किंवा आर्थिक दुर्बल प्रवर्गातली. आणि फेब्रुवारी २०२४ च्या नव्या कायद्यानंतर आलेला धाकटा पुन्हा मागास. घर तेच, आंब्याची कलमेही तीच. एखाद्या अभ्यासकाने उद्या या आकड्यांची आलेखरेषा काढली, तर त्या घराची पाच वर्षांत प्रगती आणि अधोगती दोन्ही झाल्याचे त्यास आढळेल.

परंतु सिंधुदुर्गाच्या दृष्टीने खरी मेख याहीपुढे आहे. उच्च शिक्षणाचा प्रसार सांगणारा जो एक आकडा वारंवार उच्चारला जातो, तो सकल नोंदणी प्रमाणाचा: अंशस्थानी कोणत्याही वयाचे सर्व विद्यार्थी, छेदस्थानी १८ ते २३ वयाची लोकसंख्या. २००१ च्या जनगणनेच्या आधारे हे प्रमाण तेव्हाच्या राष्ट्रीय सरासरीहून, म्हणजे १२.४ टक्क्यांहून, कमी असलेले ३७४ जिल्हे विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरविले. महाराष्ट्रातील सात जिल्हे त्या यादीत होते: बुलढाणा, गडचिरोली, हिंगोली, जालना, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. शेवटचे नाव वाचून मालवणच्या बाजारपेठेतला कोणीही माणूस हसल्याशिवाय राहणार नाही. ज्या जिल्ह्यात मनिऑर्डरीवर शाळा उभ्या राहिल्या, जेथील साक्षरता २०११ मध्ये ८५ टक्क्यांहून अधिक होती, आणि ज्याचा समावेश असलेले कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावी-बारावीच्या निकालांत राज्यात पहिले येत राहिले आहे, तो जिल्हा मागास कसा?

उत्तर गाड्यांच्या वेळापत्रकात आहे. खानेसुमारी माणसाला तो राहतो त्या घरात मोजते, आणि सर्वेक्षण त्यास तो शिकतो त्या संस्थेत मोजते. दोन्ही रीतींनी मुंबईस गेलेला मुलगा मुंबईचा. छेदातूनही तो वजा झाला, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. पण जाणारे सारखे जात नाहीत. केवळ हिशेबासाठी कल्पना करा की एका गावात त्या वयाची शंभर मुले आहेत आणि त्यांतील वीस पदवीचे शिक्षण घेणार आहेत. त्या विसांतील बारा मुंबई, कोल्हापूर, गोवे येथे शिकावयास गेली, उरलेल्या ऐंशींतील दहा नोकरीसाठी गेली. गावात राहिली अठ्ठ्याहत्तर आणि त्यांतील विद्यार्थी आठ. विसांवरून प्रमाण दहा टक्क्यांवर आले, आणि एकाही मुलाने शिक्षण सोडलेले नाही. ज्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती आणि २०११ मध्ये वाढण्याऐवजी ८,४९,६५१ वर आली, तेथे हे केवळ पाटीवरचे गणित नव्हे. मालवणच्या महाविद्यालयास, हयातीचा मोठा भाग मुंबईच्या राजकारणात घालविलेल्या स. का. पाटील यांचे नाव आहे, हेही या संदर्भात सहज आठवते.

‘मागास’ ठरल्याने जिल्ह्यास काही निधी मिळत असेल तर तो कोण नाकारील? माझा आक्षेप निदानावर आहे. विद्यार्थी निर्माण होत नाहीत आणि विद्यार्थी टिकत नाहीत हे दोन निराळे आजार असून त्यांवरचे औषधही निराळे. पहिल्यासाठी शाळा सुधाराव्या लागतात. दुसऱ्यासाठी असा अभ्यासक्रम लागतो की ज्याकरिता मुलगी मुंबईतल्या मामाच्या दीड खोलीच्या घरात राहण्यापेक्षा मालवणात राहणे पसंत करील.

यावर सांख्यिकीच्या जाणकारांचे म्हणणे असे की, व्याख्या कोणतीही घेतली तरी काही ना काही बाहेर राहणारच; ती दरवर्षी तीच ठेवली म्हणजे तुलना तरी शक्य होते. हे मला बव्हंशी मान्य आहे. जुन्या काळी पेठेपेठेची पायली निराळी असे, आणि तरी एकाच पेठेत, एकाच पायलीने मापलेल्या भाताविषयी कोणी भांडत नसे. पण पायली बदलली तर ती बदलल्याचे तितक्याच मोठ्याने सांगावे लागते. २०१९-२० या वर्षाचे सकल नोंदणी प्रमाण आधी २७.१ म्हणून प्रसिद्ध झाले. पुढल्या अहवालात छेदासाठी २००१ ऐवजी २०११ च्या जनगणनेवरील अंदाज घेतले आणि त्याच वर्षाचे प्रमाण २५.६ झाले. विद्यार्थी एकही कमी झाला नव्हता. २०२१-२२ मध्ये प्रमाण २८.४ आणि विद्यार्थी ४ कोटी ३३ लक्ष होते, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे २०३५ पर्यंत पन्नास टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. त्या पन्नासांत व्यावसायिक शिक्षणही धरावयाचे असे धोरणातच म्हटले आहे, म्हणजे आपला आयटीआयवाला त्या दिवशी कदाचित उच्चशिक्षित होईल. याच धोरणान्वये पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र मिळावयाचे आहे. काल ज्यास गळती म्हणत असू त्यास उद्या निर्गमन म्हणू.

यास्तव माझी मागणी अगदी लहान आहे. नवा प्रवर्ग नको, नवी समिती नको. विद्यार्थी कोठे शिकतो याबरोबर तो कोठून आला, त्याची दहावी कोणत्या तालुक्यात झाली, एवढे जिल्हानिहाय मोजून छापावे. ही माहिती नव्याने गोळाही करावयाची नाही. प्रवेशअर्जावर कायमचा पत्ता असतो, दहावीच्या गुणपत्रिकेवर शाळेचा क्रमांक असतो; दोन्ही कागद दफ्तरात पडून असतात.

किंबहुना ती माहिती याच किनाऱ्यावर, जुन्या वळणाच्या अक्षरात, रोज लिहिली जाते. त्या दुपारी मी उठण्याच्या बेतात असता देवबागकडची एक मुलगी वडिलांसह आली. बारावी होऊन कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला उशिरा न्यावयास आलेली. वडील मासळीच्या लिलावावरून तसेच आले असावेत, कारण दाराशीच थांबून ते हात पुशीत होते. रात्रीच्या कोकणकन्येने कुडाळहून तिला निघावयाचे होते. कारकुनाने ‘आयशे’चे पान बाजूस सारले, दाखल्याचे पुस्तक ओढले, आणि एकामागून एक रकाने भरले: वर्तणूक – चांगली; प्रगती – समाधानकारक; सोडण्याचे कारण – पुढील शिक्षणासाठी मुंबई. शिक्का मारून त्याने दाखला फाडून तिच्या हाती दिला, स्थळप्रतीवर वडिलांची सही घेतली, आणि पुस्तक पुन्हा कपाटात ठेवून दिले.