समाचार घेणारा देव

शास्त्रपाठ : लूक ७:११-१७



नाईन हे गाव पवित्र शास्त्रात एकदाच येते. जुन्या करारात त्याचा उल्लेख नाही आणि लूक सोडून अन्य कोणी शुभवर्तमानकार त्याचे नाव घेत नाही. नासरेथपासून काही कोसांवर, मोरे टेकडीच्या उतारावर वसलेली ती एक लहानशी वस्ती. मोठे मंदिर नाही, बाजारपेठ नाही, राजवाडा नाही. कफर्णहूमाहून तेथे जायचे म्हणजे दिवसभराची पायपीट. तरीही प्रभू येशू तेथे गेला, आणि वेशीपाशी त्याला काय भेटले? एक प्रेतयात्रा. विधवेचा एकुलता एक मुलगा वारला होता. प्रभूने तिला पाहिले, त्याला तिचा कळवळा आला, त्याने तिरडीला हात लावला आणि जिवंत झालेला मुलगा तिच्या स्वाधीन केला. तेव्हा गावकरी भयभीत होऊन देवाचे गौरव करू लागले. मोठा संदेष्टा आपल्यात उदय पावला आहे, देवाने आपल्या लोकांची भेट घेतली आहे, असे ते म्हणाले.

या शेवटच्या वाक्यातील क्रियापदाकडे आपले लक्ष वेधावे, हाच या लेखाचा हेतू आहे.

मूळ ग्रीकमध्ये हे क्रियापद 'एपिस्केप्तोमाय' असे आहे. जुन्या करारातील 'पाकाद' या इब्री शब्दासाठी ग्रीक भाषांतरकारांनी वारंवार हाच शब्द योजला. शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला हा शब्द फार छळतो, कारण 'भेट देणे' म्हटल्याने त्याचे समाधान होत नाही. भेट तर पाहुणाही देतो, पुढारीही देतो, सहलीला निघालेला प्रवासीही देतो. 'पाकाद' म्हणजे लक्षात ठेवून येणे, जातीने पाहणे आणि जे पाहिले त्याबद्दल काहीतरी करणे. बेथलेहेमातला दुष्काळ सरला आणि परमेश्वराने आपल्या लोकांना अन्न दिले, तेथे हाच शब्द आहे (रूथ १:६). सारेला पुत्र झाला तेथेही तोच आहे (उत्पत्ती २१:१).

परंतु या शब्दाची दुसरी बाजूही आहे. देव अन्यायाचा झाडा घेतो, तेथेही 'पाकाद'च येतो. एकाच शब्दात करुणा आणि न्याय दोन्ही कसे मावावेत? इतर कित्येक भाषांना येथे दोन शब्द वापरावे लागतात. आपल्या मायबोलीला मात्र ही अडचण नाही. आपण आजाऱ्याचा समाचार घेतो, आणि कोणी मर्यादा सोडली तर त्याचाही चांगला समाचार घेतो! रायपूरकडील आपले मराठी बांधव ज्या हिंदीत व्यवहार करतात, तिच्यातील 'खबर लेना' या वाक्प्रचारातही हेच दोन अर्थ आहेत. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायाच्या आरंभी परमेश्वर मेंढपाळांना जे सुनावतो त्याचा भाव मराठीत असा सांगता येईल : तुम्ही माझ्या कळपाचा समाचार घेतला नाही, म्हणून मी तुमचा समाचार घेईन. मूळ इब्रीतही हीच शब्दाची कोटी आहे.

बंधुभगिनींनो, 'बिशप' हा शब्दही याच ग्रीक धातूपासून आला आहे. मंडळीच्या पुढाऱ्याची पदवीच मुळी समाचार घेण्याच्या कामावरून पडली आहे, सिंहासनावरून नव्हे.

आता छत्तीसगडाकडे वळू. हा मुलुख मराठी ख्रिस्ती वाचकाला परका नाही. इ. स. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगाव या छोट्याशा संस्थानी गावाकडे निघाले असता आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला आणि नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती आली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आडवळणाच्या एका गावाच्या वाटेवर महाराष्ट्राच्या मंडळीला तिचा कवी गवसला. तेव्हा लहान गावांच्या वाटा आपण हलक्या लेखू नयेत.

त्याच राजनांदगावावरून आगगाडी पुढे रायपूरला जाते. रायपूरहून बिलासपूरच्या दिशेने जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळले की भातखाचरांमध्ये बिश्रामपूर नावाचे खेडे लागते. (सूरजपूर जिल्ह्यातील कोळशाच्या खाणींचे बिश्रामपूर ते निराळे.) ऑस्कर लोर हे जर्मन उपदेशक प्रथम छोटानागपूरच्या मिशनमध्ये होते. १८५७ च्या उठावात तेथून निघून ते अमेरिकेस गेले आणि तेथील जर्मन मंडळ्यांच्या पाठिंब्याने १८६८ साली रायपूरला आले. गुरू घासीदासांचे अनुयायी असलेला सतनामी समाज मूर्तिपूजा व जातिभेद मानीत नाही, हे त्यांच्या कानी आले होते. हा समाज हजारोंच्या संख्येने प्रभूकडे येईल, या आशेने त्यांनी तेथे पडीक जमीन घेतली, गाव वसवले आणि त्याला विश्रामाचे नाव दिले.

हजारो लोक आले नाहीत. सतनाम्यांना आपला गुरू आणि आपला पंथ प्रिय होता. आरंभी उत्सुकतेने जमलेली गर्दी ओसरली आणि मूठभर माणसे उरली. अहवालात लिहिण्याजोगे थोडेच होते. तरीही लोर तेथेच राहिले. पुढे १८९७ आणि १९०० च्या भीषण दुष्काळांत मध्यप्रांत होरपळून निघाला, तेव्हा अनाथ मुले आणि उपाशी कुटुंबे अशाच मिशन ठाण्यांच्या आश्रयाला आली. कोणीतरी आधीच तेथे राहिलेले होते, म्हणून संकटकाळी ठोठावायला दार होते.

या इतिहासाची दुसरी बाजूही लपवू नये. बिश्रामपुरात मिशनरी हाच पाळक आणि तोच मालगुजार होता. रविवारी आशीर्वाद देणारा हात सोमवारी सारावसुलीची वही उघडीत असे. जमीन त्याची, शाळा त्याची, शिस्तीचे नियमही त्याचेच. समाचार घेण्याचे दोन्ही अर्थ एकाच बंगल्यात नांदत होते. म्हणून ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने कोणाच्या दारी जाताना फार जपून जावे. नाईनमध्ये प्रभूने त्या बाईकडून काही मागितले नाही. तिच्या विश्वासाची परीक्षाही घेतली नाही. तिने त्याला हाक मारल्याचेही लूक सांगत नाही. आणि याच प्रसंगी लूक आपल्या निवेदनात प्रथमच येशूला 'प्रभू' म्हणतो. त्याचे प्रभुत्व त्याच्या कळवळ्यात प्रकट झाले.

दूरच्या एका देशाचे उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेकडो मैल लाल माती आणि खुरटी झुडपे पसरलेली आहेत. एका वस्तीपासून दुसरी वस्ती गाठायला दिवसच्या दिवस लागत. प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक जॉन फ्लिन यांनी १९१२ मध्ये या एकाकी लोकांसाठी 'ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन' सुरू केले. तेथील माणसे उपदेशाअभावी जितकी तळमळत, तितकीच वैद्याअभावी मरत, हे त्यांनी पाहिले. १९२८ साली क्लॉनकरी या लहानशा गावातून त्यांच्या प्रयत्नाने विमानाने जाणाऱ्या डॉक्टरची सेवा सुरू झाली. पण डॉक्टरला निरोप कसा पोहोचावा? आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने सायकलीप्रमाणे पायाने वीज निर्माण करणारे बिनतारी यंत्र तयार केले आणि १९२९ पासून ते दूरदूरच्या घरांत बसू लागले. घरातली बाई पायटे मारी आणि तिचा आवाज शेकडो मैलांवर ऐकू जाई. फ्लिन यांनी त्या वाळवंटाला भव्य मंदिर दिले नाही. कोणीतरी आपले ऐकत आहे ही खात्री दिली. हाही 'पाकाद'च नव्हे काय?

वाचकहो, आपल्या देशातही अशी नाईन गावे आहेत. तेथील तरुण शिक्षणासाठी आणि पोटासाठी रायपूर, नागपूर, पुण्याला गेले आहेत. उपासनेला वृद्ध माणसे आणि लहान मुले बसतात. पाळकाकडे अनेक मंडळ्या असल्याने प्रभुभोजनाचा विधी महिनोन्महिने होत नाही. काही ठिकाणी तर दुःख याहून खोल आहे. २०२५ च्या जानेवारीत बस्तरमधील छिंदवाडा या गावचे एक ख्रिस्ती कुटुंब आपल्या घरातील वृद्ध उपदेशकाच्या दफनासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. गावातच माती मिळावी एवढीच मुलाची विनंती होती. सुमारे वीस दिवस मृतदेह शवागारात होता. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे मत भिन्न पडले, आणि अखेर गावापासून दूर असलेल्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. कायद्याचा निवाडा न्यायालयाने केला. पण त्या घराच्या ओसरीवर जाऊन बसण्याचे काम न्यायालयाचे नव्हे. ते आपले आहे. नाईनमध्येही प्रभूला वेशीवर प्रेतयात्राच भेटली होती.

मग आपण जातो ते कसे? वर्धापनदिनाला मोटारींचा ताफा येतो, हार होतात, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात आणि दिवेलागणीपूर्वी पाहुणे परततात. गावकरी उरलेली भांडी घासतात. याला भेट म्हणता येईल, समाचार नव्हे. लूकने प्रभूच्या भेटीच्या तीन खुणा दिल्या आहेत. पहिली, त्याने पाहिले : गर्दीला नव्हे, गर्दीतल्या एका बाईला. दुसरी, त्याने तिरडीला स्पर्श केला : नियमशास्त्राप्रमाणे प्रेताच्या स्पर्शाने विटाळ होई, हे ठाऊक असताना. तिसरी, त्याने मुलाला आईच्या स्वाधीन केले : आपल्या मागे येणाऱ्या जमावात त्याला मिरवले नाही. ज्या भेटीनंतर गावाचे त्याच्याच हाती काही परत येते, ती भेट प्रभूच्या भेटीसारखी होय.

म्हणून एक विनंती करतो. येत्या वर्षात आपल्या मंडळीने जवळची एखादी लहान, दूर पडलेली मंडळी निवडावी. कार्यक्रमाशिवाय जावे. एक रात्र राहावे. त्यांच्या बोलीतील गीत त्यांच्याबरोबर गावे, आपले त्यांना शिकवण्याची घाई करू नये. कोण आजारी आहे, कोणाचे कोण वारले, कोणाचा मुलगा पत्र पाठवीत नाही, हे विचारावे. आणि पुन्हा जावे. पौलानेही बर्णबाला असेच सुचवले होते : जेथे जेथे वचन सांगितले, तेथे तेथे परत जाऊन बांधव कसे आहेत ते पाहू (प्रेषितांची कृत्ये १५:३६). तेथेही क्रियापद तेच आहे.

शेवटी एक गंभीर गोष्ट. याच लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभू एका नगरीकडे पाहून रडला. आपल्या समाचाराचा समय तिने ओळखला नाही, असे तो म्हणाला. ती नगरी नाईन नव्हती; ती यरुशलेम होती. मंदिर असलेल्या, शास्त्री असलेल्या, सणांच्या गर्दीने फुललेल्या नगरीला जे कळले नाही, ते एकदाच उल्लेख झालेल्या खेड्याला कळले. आपण शहरातल्या मोठ्या मंडळ्यांत बसणारे लोक आहोत. लहान गावाकडे जाताना आपण देव घेऊन जातो, असा भ्रम नसावा. तो तेथे आपल्या आधी पोहोचलेला असतो. आपण जातो ते त्याला तेथे ओळखण्यासाठी, म्हणजे तो आपल्या दारी येईल त्या दिवशी आपणही त्याला ओळखू.

हे दयाळू पित्या, तुझ्या विसरलेल्या लेकरांचा तू समाचार घेतोस. आमची पावले त्यांच्या वेशीकडे वळव. आमेन.