कोड्याचे वाटेकरी

हॉटेलात येणारा पेपर एकट्याचा नसतो. पैसे मालक भरतो, पण वाचणारे अख्खे गाव. सेनगावला जा, कळमनुरीला जा, औंढ्याला जा. चहाच्या पहिल्या दोन घाण्यांतच त्या पेपरची पानं चार टेबलांवर पांगलेली असतात. राजकारणाचं पान भांडत भांडत फिरतं, बाजारभावाचं पान हळदवाल्यांकडे जातं आणि शब्दकोड्याचं पान ज्याच्या हाती लागतं तो खिशातून पेन काढतो. त्यानं चौकोन भरून टाकले की मागून येणाऱ्याला त्या पानावर काही उरत नाही. चोरी म्हणावी असं यात काही नाही, तरी दुसऱ्याचा वाटा गेलेला असतो. सार्वजनिक वाचनालयातल्या पेपरात कोडं शाईनं भरलेलं दिसलं की मला राग येतो. चुकीचं भरलेलं दिसलं की जास्त येतो.

एरवी कोड्याच्या बाबतीत लोकांना खुपतो तो दुसराच प्रश्न. कुणाला विचारून शब्द भरला तर कोडं सोडवलं म्हणायचं का? निवृत्त गुरुजी मंडळींत यावर दोन तट असतात. एक तट शब्दकोशालाही हात लावू देत नाही. दुसरा तट म्हणतो, विचारायला काय झालं, आपण काय परीक्षेला बसलोय?

मला दुसरा तट जवळचा वाटतो, कारण कोडं रचणाराच आधी मदत ठेवून जातो. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, तेही काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. ‘कीर्तन’ आडवं बसलं की मधल्या घरात ‘र्त’ येतो आणि त्यावरून उभा शब्द न्यायचा तर रचणारा ‘आर्त’, ‘गर्त’ अशा मोजक्या शब्दांतच अडकतो. त्याची ही अडचण आपल्या पथ्यावर पडते. ‘व्याकूळ, दोन अक्षरी’ एवढ्यावर डोकं चालत नाही. पण दुसऱ्या घरात ‘र्त’ आयता बसलेला दिसला की शब्द आपोआप ओठांवर येतो. उभ्याला आडव्याचा आधार आणि आडव्याला उभ्याचा, ही या खेळाची घडणच आहे. आर्थर विन यानं 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं, ते हिऱ्याच्या आकाराचं होतं. आकार पुढे बदलला, ही घडण राहिली. दहा-बारा वर्षांत अमेरिकेला या खेळाचं असं वेड लागलं की बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनं प्रवाशांसाठी गाड्यांमध्ये शब्दकोश ठेवले. मदत घेणं लाजिरवाणं आहे, असं त्या रेल्वेला तरी वाटलं नसावं.

जिथे स्वतःचं किती आणि उसनं किती हे खरोखर मोजायचं असतं, तिथे रीत वेगळी असते. जानेवारी 1942 मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’नं वाचकांना आपल्या कचेरीत बोलावलं आणि कोडं बारा मिनिटांच्या आत सोडवायला बसवलं. घड्याळ समोर, शेजाऱ्याला विचारायची सोय नाही. त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कला जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामावर घेतलं. युद्धकाळात अशी पारख लागते. हॉटेलातल्या कोड्याला ती लावायची गरज नाही, आणि ती आपणहून लावून घेणाऱ्याची चारचौघांत फुशारकीच जास्त असते.

पैसा आला की मात्र सगळंच फिरतं. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात बक्षिसांच्या कोड्यांनी देशभर धुमाकूळ घातला होता. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातली आर. एम. डी. सी. या कंपनीची कोडी मुंबई राज्यात इतकी खपत की प्रवेशिका गोळा करायला जागोजागी माणसं नेमलेली असत. त्यांची करामत अशी, की एकाच सूत्राला दोन-तीन शब्द सारखेच लागू पडत. बरोबर कुठला, ते रचणाऱ्यानं आधीच ठरवून लखोट्यात बंद केलेलं. तिथे शब्दज्ञान कामाचं नव्हतं, नशीब कामाचं होतं. 1955 च्या केंद्रीय कायद्यानं अशा स्पर्धांची बक्षिसं महिन्याला एकूण हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर रोखल्या. कंपनी न्यायालयात गेली. 9 एप्रिल 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला आणि कौशल्याची स्पर्धा वेगळी, जुगार वेगळा अशी रेघ ओढली.

त्या कोड्यांना माझा खरा आक्षेप पैशाचा नाही. त्यात कुणी कुणाला मदत करूच शकत नव्हतं, हा आहे. शहाण्यातला शहाणा मनुष्य शेजारी बसवला तरी तो ‘हाही असेल, तोही असेल’ यापलीकडे काय सांगणार? ज्या कोड्याला एकच खरं उत्तर असतं, तिथेच मदतीला अर्थ असतो. आणि तिथे खरी कसोटी विचारणाऱ्याची लागत नाही, सांगणाऱ्याची लागते.

उत्तर ठाऊक असून तोंड मिटून बसणं महाकठीण. समोरचा पेनाचं टोक चावत असतो, आपल्या जिभेवर शब्द नाचत असतो. “थांबा हो, सांगू नका,” असं तो म्हणतो आणि तरी आपण पुटपुटतोच. याला आपण मदत म्हणतो. बहुतेक वेळा ती आपली हौस असते.

मदत कशी करावी याची एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडल्याचं परंपरा सांगते. नामदेव नर्सीचे. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं. दुखावलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. नामदेव रागावले. विसोबांनी प्रवचन दिलं नाही. म्हातारा झालोय, जिथे देव नाही तिथे माझे पाय तूच उचलून ठेव, एवढंच म्हणाले. नामदेवांनी पाय उचलले, हलवले, आणि जिथे ठेवावेत तिथे पिंड. उत्तर विसोबांना ठाऊक होतं. ते तसंच सांगितलं असतं, तर नामदेवांनी मान डोलावून परतीची वाट धरली असती. विसोबांनी पाय उचलण्याचं काम त्यांच्याकडे दिलं आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं मला त्या चमत्काराइतकंच अवघड वाटतं.

मोबाइलला हे जमत नाही, कारण त्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. सूत्र टाका, उत्तर घ्या. नातवानं कोड्याचा फोटो काढून क्षणात सगळे शब्द वाचून दाखवले आणि आजोबा दिवसभर फुगून बसले, असं आता घरोघरी होतं. नातवाचा हेतू वाईट नसतो. पण आजोबांना शब्द नको होता, सकाळ भरायची होती. आणि उद्याच्या अंकात उत्तर येईपर्यंतची हुरहुर ही त्यांची हक्काची होती. त्याच आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल आणि बारीक टाइप दिसत नसेल, तर मात्र नातवानं शेजारी बसून सूत्रं मोठ्यानं वाचावीत, आजोबा सांगतील ते अक्षर घरात भरावं. हवी ती मदत तेवढीच. त्यातून पोराच्या कानावर चार जुने शब्द पडले, तर तो वरचा नफा.

हॉटेलात मी हल्ली एक पथ्य पाळायला बघतो. कुणी पान पुढे करून “हे काय असंल हो काका, चार अक्षरी?” म्हणालं, की शब्द गिळतो आणि विचारतो, “आडव्यातून कोणतं अक्षर आलंय?” निम्म्या वेळा विचारणारा खाली बघतो आणि पुढचं ऐकायच्या आधीच लिहायला लागतो. उरलेल्या वेळा आडवं आधीच चुकलेलं असतं.